दिल्लीच्या पार्टीकडं टॉवेलचे ६ लाख ८० हजार अडकलेत, कुठं जायचं? पोलीस, कोर्ट का कौन्सिल?

रॅपियरवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, मी आणि थोरला भाऊ भागीदारीत चालवतो. दिल्लीच्या एका होलसेल पार्टीला २०२३ मध्ये तीनदा माल पाठवला. १४ फेब्रुवारीला २ लाख ३५ हजारांचा, ३ मेला २ लाख ८० चा आणि २२ ऑगस्टला २ लाख १५ चा. उधारी ३० दिवसांची ठरलेली, बिलावर तसं छापलंयपण. पहिल्या बिलापासूनच 'भेज देंगे भाईसाब' चालू झालं ते आजतागायत तेच चालू आहे. मधे डिसेंबर २०२३ ला ५० हजार आरटीजीएस केले, त्यानंतर १० जानेवारी २०२४ तारखेचा २ लाखाचा चेक कुरियरने पाठवला आणि लगेच फोन, की अभी मत डालना, मैं बोलूंगा तब डालना. पार्टी जुनी म्हणून थांबलो, तो चेक अजून कपाटात तसाच आहे. आणि मार्च २०२४ ला अचानक १ लाख ४० हजारांची डेबिट नोट (म्हणजे बिलातून तेवढे कापायचे) आली, काय तर म्हणे रंग जातोय आणि जीएसएम (कापडाचं वजन) कमी भरतोय. शेवटचा माल जाऊन सात महिने झाल्यावर! तोवर तो माल विकून त्याचे पैसे फिरवूनपण झाले असतील.

आता फोन उचलेना झालेत. आमच्या मागं सूतवाला लागलाय, सायझिंगवाला लागलाय, त्यांना काय सांगायचं रोज. एक मित्र म्हणतो ४२० टाक, कारखान्याचे हिशोब बघणारे म्हणतात एमएसएमईची, म्हणजे छोट्या उद्योगांची, कौन्सिल असते तिथं जा, आणि लॉ करणारा भाचा म्हणतो कमर्शियल कोर्ट. शेजारचे कारखानदार म्हणतात सोड नाद, सिव्हिल केस म्हणजे नातवापर्यंत चालते. गड्ड्याची जत्रा झाली की निवांत बघू असं डोक्यात आहे, पण आधी कोणी अनुभवी असेल तर सांगा, नेमकं कुठल्या दारात जायचं.

---

कन्नाचौक_किंग

काय कोर्ट बिर्ट घेऊन बसलात मालक, दोन पोरं घ्यायची, कर्नाटक एक्सप्रेस धरायची आणि त्याच्या दुकानात जाऊन बसायचं. गिऱ्हाईकासमोर आवाज चढवला की दुपारपर्यंत गल्ला उघडतो बे. नाहीतर ४२० ची तक्रार द्या, पोलिसाचा एक फोन गेला की माणूस सरळ होतो.

---

काळाकोट_सातरस्ता

वरचा सल्ला अजिबात घेऊ नका. दिल्लीत जाऊन दुकानात दम दिला तर उद्या तुमच्यावरच खंडणी आणि धमकीची तक्रार होईल आणि ६ लाख ८० हजार बाजूला राहून तुम्ही जामिनाच्या मागे फिराल. ४२० चं म्हणाल तर फसवणूक व्हायला माल घेतानाच पैसे न द्यायचा इरादा होता हे दाखवावं लागतं, नंतर पैसे थकवले म्हणून आपोआप फसवणूक होत नाही. तुमच्या पार्टीने ५० हजार दिलेत, चेक पाठवलाय, म्हणजे तुमच्याच कागदावरून तो म्हणणार बघा मी तर देत होतो. पोलीस ठाण्यात 'हे सिव्हिल मॅटर आहे' म्हणून परत पाठवतात त्यावर लोक चिडतात, पण अशा केसमध्ये ते बरोबरच असतं. दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नका असं सुप्रीम कोर्ट वर्षानुवर्षं सांगत आलंय.

आता मुद्द्याचं. कुठं जायचं हे तुम्ही विचारताय, त्याच्या आधी कधीपर्यंत जायचं ते बघा. उधारीवर विकलेल्या मालाच्या पैशाला मुदतीच्या कायद्याने तीन वर्षं असतात आणि ती उधारीचे दिवस संपल्यापासून मोजतात. तुमचं पहिलं बिल १४ फेब्रुवारी २०२३ चं, अधिक ३० दिवस, म्हणजे १६ मार्च २०२३. त्या बिलाची मुदत १६ मार्च २०२६ ला संपते. आज जानेवारी २०२६ चालू आहे. दुसऱ्या बिलाला जूनपर्यंत आणि तिसऱ्याला सप्टेंबरपर्यंत वेळ आहे, पण पहिलं बिल गेलं तर गेलं. ५० हजार जुन्या बिलात वळते केले तरी त्यातले १ लाख ८५ हजार राहतातच. गड्डा खुशाल बघा पण कागद या आठवड्यात काढा.

आता तुम्ही म्हणाल की डिसेंबर २०२३ ला पैसे आले ना मग तिथून नवीन तीन वर्षं धरा. कायद्यात तशी सोय आहे, अर्धवट रक्कम दिली किंवा देणं लेखी सहीनिशी कबूल केलं तर मुदत नव्याने सुरू होते, पण दोन्ही गोष्टी जुनी मुदत संपायच्या आत व्हाव्या लागतात आणि देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीचं काहीतरी असावं लागतं. नुसत्या आरटीजीएस एंट्रीवर समोरचा वकील वाद घालणार आणि 'भेज देंगे' च्या व्हॉट्सॲपवर तर घालणारच. म्हणून तो कपाटातला चेक जपून ठेवा. बँकेत टाकायच्या कामाचा तो राहिला नाही, चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्यामुळे १३८ ची, म्हणजे चेक बाऊन्सची, केस संपली. पण त्याच्यावर पार्टीची सही आहे, तारीख आहे, रक्कम आहे. देणं मान्य होतं हे दाखवायला तो कागद कामाला येऊ शकतो. तरीपण त्याच्या भरवशावर मार्च ओलांडू नका, हा वाद जिंकायची वेळच येऊ देऊ नये.

बाकीच्यांसाठी १३८ चं पण सांगून ठेवतो कारण सोलापुरात निम्मा धंदा पुढच्या तारखेच्या चेकवर चालतो. चेक परत आल्याचा मेमो बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, तरी पैसे नाही दिले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. ही केस फौजदारी असते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पटपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'सिक्युरिटीचा चेक होता' हे पालुपद प्रत्येक आरोपी लावतो पण देणं होतं असं कायदा आधी गृहीत धरतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची.

कौन्सिल का कोर्ट ते उद्यम नोंदणीवर (छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) ठरेल. उद्यम कधीची आहे आणि कुणाच्या नावाने आहे ते सांगा. आणि भागीदारी फर्म रजिस्टर आहे का तेपण सांगा, जीएसटी नंबर म्हणजे फर्मची नोंदणी नव्हे.

---

ताळेबंद_जुळेसोलापूर

मी अकाउंटचं काम करतो, वकील नाही, पण एमएसएमईचे अर्ज भरून दिलेत म्हणून लिहितो.

एमएसएमई कायदा २००६ चा आहे. त्यात सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला तर लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या वर उधारी चालत नाही, करार नसेल तर १५ दिवस. त्यानंतर व्याज बसतं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तरी साडेसोळाच्या वर जातंय. तुमच्या केसमध्ये अडीच-पावणेतीन वर्षं झालीत म्हणजे मुद्दलावर बऱ्यापैकी रक्कम चढलेली असणार, बसून एक्सेलमध्ये काढा. पार्टी म्हणाली आमच्यात व्याज ठरलंच नव्हतं तरी फरक पडत नाही, कायदाच देतो.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे दिल्लीला जावं लागत नाही. माल देणारा जिथं आहे तिथली कौन्सिल चालते, खरेदीदार देशात कुठंही असू द्या. आपल्याला पुणे विभाग लागतो, अर्ज ऑनलाइन होतो. आधी समेट घडवायचा प्रयत्न करतात, नाही झाला तर लवाद. कागदावर ९० दिवसांत निकाल लिहिलाय, ते ९० दिवस मनावर घेऊ नका, बरंच जास्त लागतं. पण निकाल लागला आणि पार्टीला तो कोर्टात चॅलेंज करायचा असेल तर आधी निकालाच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इथंच निम्म्या पार्ट्यांची हवा जाते.

तुमच्या त्या डेबिट नोटचं उत्तर पण याच कायद्यात आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. सात महिन्यांनी रंग गेला म्हणे! त्या लॉटमधला एखादा टॉवेल कारखान्यात राखून ठेवलेला असेल तर शोधा, लॉट नंबरची चिठ्ठी लावलेला असेल तर उत्तमच. पॅकिंग स्लिप, वजनकाट्याची पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिल हे सगळं एका फाइलला लावा. टॉवेल डझनावर विकला असला तरी बिल्टीवर वजन असतंच, त्यावरून जीएसएमचं गणित मांडता येतं. बिल्टीवर पोच घेतल्याचा सही-शिक्का नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याकडून आजच मागून घ्या, ते जुने कागद रद्दीत घालतात.

अजून दोन ठिकाणी पार्टीची शेपटी अडकलेली आहे. तुमचं बिल जीएसटीत चढवून तिने क्रेडिट (बिलातला जीएसटी आपल्या करातून वजा) घेतलं असणार. १८० दिवसांत बिलाचे पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. आणि इन्कम टॅक्सचं ४३बी(एच), सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च वजा धरत नाहीत. हे २०२३-२४ या वर्षापासून लागू आहे म्हणजे तुमचं फेब्रुवारीचं बिल यात बसत नाही, मे आणि ऑगस्टची बसतात. नोटिशीत या दोन ओळी घाला, पार्टीच्या सीएने वाचल्या की तोच मालकाला समजावतो. मला तरी वाटतं वकिलाच्या चार पानी इंग्लिशपेक्षा हे जास्त लागतं. काळाकोट साहेब राग मानू नका.

---

चाटीगल्लीकर

माझा सुताचा धंदा आहे आणि मला वरचं काहीच चाललं नाही, म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझीपण उद्यम आहे, पण मी व्यापारी. जुलै २०२१ ला होलसेल-रिटेल व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकेच्या प्रायॉरिटी कर्जासाठी, थकलेल्या पैशाच्या कौन्सिलसाठी नाही. चाटी गल्लीत अजून लय जणांना हे माहीत नाही, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय आणि खूश आहेत.

मग मला कमर्शियल कोर्टाचा रस्ता धरावा लागला. ३ लाख आणि त्याच्या वरचा व्यापारी वाद असेल तर तिकडं जातो. पण सरळ दावा लावता येत नाही, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हे टाळून दावा लावला तर तो फेटाळला जातो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं, फी हजार रुपये. ते पार्टीला नोटीस काढतात. माझ्या वेळेस पार्टी आलीच नाही, मग 'नॉन-स्टार्टर' रिपोर्ट मिळाला आणि तो लावून दावा दाखल झाला. मला आधी वाटलं हा सगळा टाइमपास आहे, पण मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत, एवढं तरी बरं आहे.

आणि एक, दावा लागल्यावर पार्टी आपोआप हलली. आधी दोन वर्षं फोन उचलत नव्हती आणि कोर्टाचं समन्स गेल्यावर त्यांचाच माणूस सोलापूरला येऊन सात रस्त्यावर चहा प्यायला बसला. कमर्शियल दाव्यात १२० दिवसांत लेखी म्हणणं दिलं नाही तर तो हक्कच जातो, त्यामुळं नेहमीसारखं तारखांवर तारखा घेता येत नाहीत. शेवटी व्याज सोडून मुद्दल हप्त्यात घ्यायचं ठरलं, लोक अदालतीत तडजोड केली. लोक अदालतीचा निकाल म्हणजे कोर्टाची डिक्रीच, त्याच्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. व्याज सोडलं म्हणून आमचे वडील अजून टोमणे मारतात, पण मला त्या पैशात सूत उचलायचं होतं, तत्त्वात नाही.

---

मोहोळची_लेक

मधे घुसते त्याबद्दल सॉरी, पण वकील दादा दिसले म्हणून विचारते. माझ्या आईच्या माहेरची मोहोळ तालुक्यात शेती आहे, पणजोबांपासूनची. आजोबा १९९८ ला वारले. सातबाऱ्यावर फक्त दोन्ही मामांची नावं आहेत. आता मामा ती जमीन विकायला निघालेत आणि आईने विचारलं तर म्हणतात तुझं लग्न १९८५ ला झालं, कायदा २००५ ला आला, त्याच्या आधीच अण्णा गेले, तुझा काय संबंध. वर आईला म्हणाले की रजिस्ट्रार ऑफिसला येऊन एक सही करून जा, लागलं तर साडीचोळी करू. आई सही करायला तयार झालीये, माहेर तुटायला नको म्हणून. मी काय करू?

---

काळाकोट_सातरस्ता

ताई, आधी आईंना सही करू देऊ नका. ती सही म्हणजे हक्कसोडपत्र असणार आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणं लई अवघड, दबावाखाली किंवा फसवून घेतलं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

मामा सांगतात तो कायदा जुना झाला. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानेच हक्क आहे, त्या तारखेला वडील जिवंत असायलाच पाहिजेत असं नाही. लग्न कधी झालं याचाही संबंध नाही. अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असेल किंवा जमीन विकून झाली असेल तर ते उकरता येत नाही. 'आमची तोंडी वाटणी झालेली' असं मामा म्हणतील, पक्का सरकारी कागद नसेल तर कोर्ट ते सहजासहजी मानत नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून घाबरू नका आणि त्यांचं आहे म्हणून त्यांनी उड्या मारू नयेत. सातबारा महसुलाची नोंद आहे, मालकी त्यावर ठरत नाही. पण आजोबा गेल्यावर वारस नोंदीचा जो फेरफार झाला त्याची नक्कल काढा, तलाठ्यासमोर तेव्हा आईंची सही किंवा जबाब घेतला होता का ते त्यात दिसेल. कधी कधी त्याच पानावर 'बहिणींचा हक्क नाही' म्हणून अंगठे घेतलेले असतात. त्या फेरफारावर प्रांताकडे अपील करता येतं, मात्र हिस्सा किती आणि कुणाचा हे दिवाणी कोर्टच ठरवणार. तिथं वाटपाचा दावा, सोबत विक्रीला तात्पुरती मनाई मागायची आणि दावा चालू असल्याची नोंद सब-रजिस्ट्रारकडे करून घ्यायची, म्हणजे घेणारा उद्या 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकत नाही. आणि इथंही तारीख आहेच. हिस्सा नाकारल्याचं कळल्यापासून १२ वर्षं असतात, त्यामुळं मामा कधी आणि कुणासमोर नाही म्हणाले ते आत्ताच लिहून ठेवा.

खर्चाची काळजी असेल तर महिलेला उत्पन्न किती का असेना, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि वाद वरपर्यंत गेलाच तरी आता सोलापूरवाल्यांना मुंबई गाठायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय, आपला जिल्हा त्यातच येतो.

माहेर तुटण्याचं म्हणाल तर त्याला माझ्याकडे कलम नाही. पण आईंनी आधी फक्त 'सही करायच्या आधी कागद वाचायला द्या' एवढं म्हणून बघावं.

---

नवीपेठ_गाळा

चालूच आहे तर माझं पण. दुकान ११ महिन्याच्या करारावर दिलंय, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून. भाडेकरू मुदत संपून निघेना झालाय. ११ महिन्याला रजिस्ट्रेशन लागत नाही ना?

---

काळाकोट_सातरस्ता

लागतं. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, महाराष्ट्रात ११ महिने असो का ११ दिवस, करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, तुम्हाला उलट सिद्ध करत बसावं लागतं. आणि लीव्ह-लायसन्सवाल्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून पटकन काढायची सोय फक्त राहत्या घराला आहे, दुकानाला नाही, तिथं दावाच. कुलूप बदलणं, लाइट तोडणं असलं काही करू नका. सविस्तर वेगळा धागा काढा, हा टॉवेलवाल्यांचा आहे.

---

रॅपियरवाला_सोलापूर

बाप रे, एवढं होईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून कागद काढले. उद्यम २०२१ ची आहे, फर्मच्या नावाने, सूक्ष्म मध्ये, मॅन्युफॅक्चरिंग म्हणूनच आहे. तिन्ही बिल्ट्या सापडल्या, दोनवर पार्टीचा शिक्का आहे, तिसरीवर नुसती सही. मेच्या लॉटचे दोन टॉवेल सापडले, मरून कलरचे, भावाने घरी वापरायला नेलेले! एक धुतलेला आहे आणि एक कोरा. धुतलेल्याचा रंग जसाच्या तसा आहे, वहिनी म्हणाल्या वर्षभर धुतलाय. हे पुरावा म्हणून चालेल का?

आणि भागीदारी डीड नोटरी केलेलं आहे फक्त, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला आम्ही कधी गेलोच नाही. बिलाच्या खाली 'सब्जेक्ट टू सोलापूर ज्युरिस्डिक्शन' छापलंय.

---

काळाकोट_सातरस्ता

वहिनींना साक्षीदार करावं लागेल. गंमत बाजूला, कोरा टॉवेल पाकिटात घालून त्यावर लॉट नंबर लिहून ठेवा, गरज पडली तर लॅबला देता येईल. धुतलेला पण टाकू नका.

फर्मची नोंदणी नाही ही तुमच्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कच्ची जागा आहे, डेबिट नोटपेक्षा पण. भागीदारी कायद्याचं कलम ६९, नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या पार्टीवर दावा लावता येत नाही. दावा लावल्यावर नोंदणी केली तर उपयोग नाही, आधी व्हायला पाहिजे. म्हणजे सोमवारी पहिलं काम ते. थोरल्या भावाला घेऊन जा, सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात, आणि मार्चच्या आधी हे हातात पाहिजे म्हणून मी एवढी घाई करतोय.

उद्यम माल द्यायच्या आधीची आहे त्यामुळे कौन्सिलचा रस्ता तुमच्यासाठी चांगला. तिथं लवादाला मुदतीचा कायदा लागतो, जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, नुसत्या समेटाला लागत नाही. म्हणून तिकडे जायचं तरी अर्ज मार्चच्या आतच. व्हॉट्सॲपचं बोलणं त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू नका, प्रिंट लावताना सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. 'सोलापूर ज्युरिस्डिक्शन' छापलंय ते कोर्टात गेलात तर उपयोगी पडेल. पण इथली डिक्री वसूल करायची ती दिल्लीतच, तिथल्या कोर्टाकडे पाठवावी लागते, म्हणून आत्ताच बघा की पार्टी प्रोप्रायटर आहे का प्रायव्हेट लिमिटेड. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की फुकट दिसतं, नंबर चालू आहे का रद्द झालाय तेपण. रद्द दिसला तर लगेच कळवा, मग नोटीस मालकाच्या घरच्या पत्त्यावरपण पाठवायची.

---

ताळेबंद_जुळेसोलापूर

आणि मालक, नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही, हा गैरसमज एमआयडीसीत घरोघरी आहे.

---

रॅपियरवाला_सोलापूर

जीएसटी नंबर चालू दाखवतोय, प्रोप्रायटरशिप आहे. पार्टीच्या सीएचा ईमेल जुन्या मेलमध्ये सापडला, खाते उतारा पाठवून बॅलन्स कन्फर्म करा म्हणून विचारू का नोटिशीच्या आधी?

---

काळाकोट_सातरस्ता

विचारा, आजच. तोंडावर मार्च एंड आहे, ऑडिटच्या नादात सही-शिक्का मारून पाठवला तर तुमचं मुदतीचं दुखणंच गेलं, अट एवढीच की पार्टीची स्वतःची सही पाहिजे, सीएच्या क्लार्कची नको. चार-पाच दिवस वाट बघा, नाही आला तर नोटीस. आणि नोटीस स्पीड पोस्टानेच पाठवा, जुनी रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालीये, काउंटरला रजिस्ट्रेशन आणि पोच पाहिजे असं सांगून घ्या. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याच दिवशी प्रिंट काढून ठेवा.